येळवशीचं ताट

माझ्या पोरीच्या हातच्या जेवणाला कुणी ढोराचं खाणं म्हणावं आणि मी ते ऐकून घ्यावं, एवढी मी गरीब नाही. पण दिवाळीत ऐकून घेतलं. म्हणणारे आमचे तिप्पण्णाभाऊजी, म्हणजे ह्यांचे धाकटे भाऊ. पंगतीत पंधरा माणसं होती. उर्वीनं घरी टोफू करून कोबी, गाजर आणि पातीच्या कांद्याबरोबर परतून आणलं होतं. भाऊजींनी वाटीत बघितलं, विचारलं कशाचं आहे, आणि सोयाबीनचं म्हटल्यावर वाटी सरकवून दिली. "त्याची पेंड आमची जनावरं खात्यात. माणसाला कशाला ढोराचं खाणं," म्हणाले. पंगत हसली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण सणाचा दिवस होता, मूग गिळून बसले. उर्वी वाटी उचलून आत घेऊन गेली.

वाटी सरकवली, ताटात घेतलं नाही, हेही मुद्दाम. आमच्या घरात ताटात पडलेलं टाकत नाहीत. लिंगपूजा झाल्यावर जे जेवतो तो प्रसाद, त्यातलं शीत टाकायचं नाही, आणि जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं फिरवून ते पिऊन टाकायचं. हल्ली निम्मे लोक करत नाहीत. भाऊजी करतात आणि दुसऱ्याकडूनही करवून घेतात. उर्वी सात वर्षांची असताना तिनं ताटात दुधीची एक फोड ठेवली होती, तर हे गृहस्थ दीड तास तिच्यासमोर मांडी घालून बसले होते. ओरडले नाहीत, मारलं नाही, नुसते बसले. पोरगी रडली, मग खाल्ली. मला तेव्हाही राग आला होता की. पण तेव्हा मी नवी नसले तरी बोलायची सवय झालेली नव्हती.

उर्वीनं अन्नप्रक्रियेची पदवी घेतलेली. पुण्यात दोन वर्षं नोकरी केली आणि गेल्या उन्हाळ्यात परत आली, म्हणाली, आई, आपल्या रानात सोयाबीन पिकतं, ते पोत्यात भरून बार्शीला जातं आणि आपल्या घरात त्याचा एक दाणा शिजत नाही. मला त्याचं काहीतरी करायचंय. इकडं आमच्या गावातल्या शुक्रवार पेठेत आमचं स्वयंपाकघर केवढं, तर दोन बायका उभ्या राहिल्या की तिसरीनं दारातून बोलायचं. तिथं तिनं सुरू केलं. रात्री सोयाबीन भिजवायचं, सकाळी वाटायचं, उकळायचं, फडक्यातून गाळायचं. त्या दुधात लिंबाचा रस घातला की ते फाटतं, मग ते फडक्यात बांधून वर वजन ठेवायचं. वजन म्हणजे माझा वरवंटा. राहिलेल्या चोथ्याचे ती ज्वारीच्या पिठात घालून धपाटे करायची, तेवढे मात्र लई खुसखुशीत व्हायचे.

शिवाय सूप. ती सूप म्हणते, मी माडगं म्हणते, कारण ते तसंच दाट असतं आणि वाटीभर पोटात गेलं की जेवण झाल्यासारखं वाटतं. दूध नाही, लोणी नाही. श्रावणात दोडका आणि मक्याचं केलं, नवरात्राच्या सुमारास लाल भोपळ्याचं शेंगदाणे वाटून, थंडी पडली तशी पालक, चाकवत, गाजर, ओला वाटाणा. बाजारात ज्याची रास दिसेल ते घ्यायचं, बिनमोसमाची भाजी पिशवीत टाकायची नाही, हा तिचा नियम. त्यात टोफूचे तुकडे. सात रस्त्याजवळच्या जिममधली पोरं डबे नेऊ लागली, मग दूध न पचणारे लोक विचारत आले. तीस डबे झाले. मीठ-तिखट मी बघायची. रस्सा तळहातावर घेऊन चाखायची आणि सांगायची. टोफूचे तुकडे ह्यांच्या ताटात टाकायची, ह्यांना आवडतात.

तिसाच्या वर डबे जाईनात, कारण जागा नाही आणि पाणी नाही. आमच्या नळाला रोज पाणी नसतं, आणि ह्या कामाला पाणी लागतं पिंपच्या पिंप. अक्कलकोटच्या अलीकडे दोघा भावांचं सामाईक रान आहे. तिथं बोअरला पाणी, विजेचं मीटर आणि कांदा ठेवायला बांधलेली पत्र्याची शेड. तीन वर्षं त्यात कांदा नाही, एक जळकी मोटार आहे. उर्वीला ती शेड पाहिजे होती. तिचं सगळं पुढचं त्या शेडवर अडलं होतं. ती मिळाली नाही तर पुण्याच्या जुन्या कंपनीनं परत बोलावलं होतं, पौष लागायच्या आत कळवा म्हणून.

शेड अर्धी आमची. पण चावी भाऊजींच्या करदोड्याला. ह्यांना म्हटलं, अर्धा हक्क तुमचा आहे, सरळ मागा. हे शाळेत कारकून होते, बत्तीस वर्षं कागद पुढं सरकवण्यात गेली, त्यांनी मलाच सांगितलं की येळवशीला सगळे रानात जमतात, तेव्हा विषय काढू. भावाला विचारायला ह्यांना मुहूर्त लागतो. मी दोन दिवस ह्यांच्याशी बोलले नाही.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावास्या. त्या दिवशी आमच्याकडे सगळं घर रानात जेवतं. कडब्याची कोप, म्हणजे लहानशी खोपी करायची, आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडायचे, पूजा करायची आणि भज्जीचा नैवेद्य दाखवायचा. भज्जी म्हणजे त्या मोसमात रानात जे जे हिरवं आहे ते सगळं एका पातेल्यात. ओली तूर, ओला हरभरा, घेवडा, वाटाणा, मेथी, चुका, पातीचा कांदा, गाजर, वांगं, ओले शेंगदाणे, वर बेसन लावून चिंचेचं पाणी. बरोबर बाजरीचे उंडे, म्हणजे उकडलेले गोळे, आणि आंबील. भज्जी दरवर्षी मीच करते, थोरली सून म्हणून. माझ्या भज्जीला आजवर कुणी नाव ठेवलेलं नाही, हे मी सांगत नाही, लोक सांगतात.

उर्वी म्हणाली, आई, यंदा भज्जीत टोफू घालू. मी म्हटलं, घालू की. ती म्हणाली, पण आधी सांगायचं आणि मग वाढायचं, लपवून खाऊ घालायचं नाही. मी म्हटलं, अगं हो.

सकाळी रानात पोचलो. माझी जाऊ काशम्मा चुलीला जाळ घालत होती. मी पातेलं चढवलं, उर्वीनं घरून आणलेल्या टोफूच्या वड्या कापल्या, तेलावर हलक्या परतल्या आणि भज्जीला उकळी आल्यावर सोडल्या. चिंचेचं पाणी पडल्यावर वास असा सुटला की बांधापलीकडचे लोक मान वळवून बघायला लागले. मग उर्वी पोरींबरोबर हरभऱ्याचे ढाळे उपटायला गेली. काशम्मानं पातेल्यात डोकावून विचारलं, "अक्का, हे पांढरं काय घातलाव?"

भाऊजी चार पावलांवर दगडांना चुना लावत होते. त्यांचा हात थांबला, हे मी बघितलं. दिवाळीची पंगत मला आठवली, ते पंधरा जणांचं हसणं आठवलं.

"पनीर. उर्वीनं घरी केलंय," मी म्हटलं.

"पनीर? भज्जीत?"

"शहरात घालतात," मी म्हटलं आणि झाकण ठेवलं.

पूजा झाली, नैवेद्य झाला, गडीमाणसं आंबील शिंपडत रानाला फेरी मारून आली. पुरुषांची पंगत बसली. मी वाढत होते. भाऊजींनी उंडा चुरला, भज्जी घेतली, एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. दुसऱ्यांदा घेतली. तिसऱ्यांदा घेताना डावानं तळ ढवळून पांढरे तुकडे शोधायला सांगितले. माझ्या मनात काय चाललं होतं ते सांगते, उगीच साळसूदपणा कशाला. खा, म्हणत होते मी. ढोराचं खाणं तीन तीनदा मागून खा. असा आनंद मला वर्षभरात झाला नव्हता.

तेवढ्यात हे बोलले. नेमकं काय बोलायचं ते मी आठवडाभर पाठ करून घेतलं होतं, त्यातलं निम्मं हे विसरले, पण शेड हा शब्द तोंडातून बाहेर पडला. भाऊजींनी घास गिळला.

"दिली की," ते म्हणाले. "दादा, पोरीच्या हाताला चव हाय. दिवाळीत मी बोललो ते सोडा. ते सोयाबीन-बियाबीन बंद करू द्या आनि हे पनीर करू द्या. शेडमदी मी दोन म्हशी बांधतो, दूध घरचं, पानी घरचं. हितनं अक्कलकोटला रोज जाईल. लई चालंल." आणि करदोड्याला हात घालून त्यांनी चावी सोडवायला घेतली.

ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की झालं काम. आणि मी, खोटं कशाला बोलू, एक क्षण मलाही वाटलं की गप्प बसावं. चावी हातात पडू दे, म्हशींचं पुढं बघू.

उर्वी माझ्यामागे आंबिलीचा तांब्या घेऊन उभी होती. ढाळे उपटून कधी आली मला कळलं नव्हतं.

"पनीर कुणी सांगितलं?" तिनं विचारलं.

"अक्काच म्हटल्या," काशम्मा म्हणाली. बिचारीला काय माहीत.

उर्वीनं माझ्याकडे बघितलं. मी पोळीच्या डब्याचं झाकण लावत होते, आधीच लावलेलं होतं तरी.

"काका, ते पनीर नाही," ती म्हणाली. "टोफू आहे. आपल्याच रानातल्या सोयाबीनचं. म्हशी नकोत मला. मला हेच करायचंय."

भाऊजींचा हात करदोड्यावरनं खाली आला. ताटात अर्धा उंडा, भज्जी आणि त्यांनीच मागून घेतलेले पाच-सहा तुकडे होते.

"देवाला दावलं?" ते म्हणाले. "पांडवांना पेंड दावली तुमी?"

मग मात्र मी सुटले. दिवाळीपासूनचं सगळं बाहेर आलं. म्हटलं, भाऊजी, ज्वारीचा कडबा ढोरं खातात, म्हणून तुम्ही भाकरी सोडली का? ही कोप कशाची आहे, ह्यात देव बसवलेत ना? तुमच्या घरात तेलाचा डबा येतो तो कशाचा असतो, वाचा कधीतरी त्याच्यावर. दिवाळीचा चिवडा त्याच तेलात तळलाय तुम्ही आणि बोटं चाटत खाल्लाय. विकायला चांगलं, तेल काढायला चांगलं, आणि माझ्या पोरीनं शिजवलं की पेंड? तीनदा मागून घेतलं तेव्हा कुठं होती पेंड? माझा आवाज बांधापलीकडं जात होता आणि जाऊ दे म्हटलं.

भाऊजींनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "वैनी, एवढं चांगलं हाय, तर पनीर का म्हटलाव?"

मी वळून उर्वीकडे बघितलं, म्हटलं ही तरी काही बोलेल, आपलीच बाजू आहे. ती म्हणाली, "सांग की, आई. काकांनी एकदा नाव ठेवलं. तू तर त्याला त्याचं नावच दिलं नाहीस."

पंधरा माणसांसमोर. मला इतका राग आला, इतका राग आला, आणि तो कुणावर काढावा तेच समजेना. मी इकडे हिच्यासाठी दिराशी भांडतेय आणि ही मलाच विचारतेय. डाव खाली ठेवला.

भाऊजी उठायला लागले. एक गुडघा टेकवलाही. मग त्यांची नजर ताटावर गेली आणि ते तसेच थांबले. आयुष्यात ह्या माणसानं ताट टाकून उठल्याचं कुणी पाहिलेलं नाही. नैवेद्य दाखवलेलं, पूजा झालेलं, स्वतः मागून घेतलेलं.

उर्वीनं तांब्या खाली ठेवला. त्यांच्या समोर आली, सतरंजीची घडी सरळ केली आणि मांडी घालून बसली. हात मांडीवर ठेवले आणि नुसती बसली.

मला दुधीची फोड आठवली. भाऊजींनाही आठवली असणार, कारण त्यांनी एकदा तिच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. बाकीची पंगत एकेक करून ताटं धुऊन उठली. पोरं बोरीकडे पळाली, ह्यांनी उगीच बांधावर जाऊन तूर न्याहाळली. ती दोघं बसलेली. भज्जी गार होऊन तिच्यावर साय धरल्यासारखं बेसन आलं. मग भाऊजींनी उंड्याचा तुकडा मोडला, भज्जीत बुडवला आणि खायला लागले. सावकाश, एक तुकडा न चुकवता, सगळं संपवलं. ताटात पाणी घेतलं, बोटानं फिरवलं आणि पिऊन टाकलं.

"खाल्लं म्हंजे पटलं आसं न्हाय," ते उर्वीला म्हणाले.

"नाही पटलं तर नाही सांगा," उर्वी म्हणाली. "पण हेच खाऊन सांगा, एवढंच होतं माझं."

त्यांनी मिशीवरचं पाणी पुसलं. मग माझ्याकडे वळले. "वैनी, तुमचं जेवन व्हायचं हाय नव्हं? बसा. काशम्मा, वैनींचं ताट वाढ. तुकडे घालून वाढ."

"मी नंतर बसते," मी म्हटलं. "बायकांची पंगत व्हायची आहे."

"आत्ता बसा. दिवाळीत मी वाटी सारली तवा तुमची वाटी मी बघितली हुती. तुमी तुकडे दादाच्या ताटात टाकलाव. मी तोंडावर बोललो, तुमी गुपचूप सारलं. तुमचं धुतलेलं ताट बघतो, मग चावीचं बोलतो."

आता काय सांगू. हे बांधावरून बघत होते आणि ह्यांच्या तोंडावर असं हसू होतं की घरी गेल्यावर बघते म्हटलं. सहा महिने ते तुकडे मी ह्यांच्या ताटात टाकत होते हे ह्यांना माहीत, मला माहीत. उर्वीला माहीत नाही असं मी समजत होते. मी तिच्याकडे बघितलं तर तिला आश्चर्य वाटलेलं नव्हतं. मान खाली घालून ती नखातली माती काढत होती. पोरगी रोज पहाटे उठून वाटत होती, गाळत होती, आणि रोज आपल्या आईचं ताट बघत होती. एकदाही बोलली नाही.

काशम्मानं वाढलं. चांगले आठ-दहा तुकडे घातले, तिला कुणी एवढे सांगितले नव्हते. मी बसले. पहिला तुकडा तोंडात घातला तेव्हा डोळे मिटले होते, औषध घेताना मिटतो तसे. बाहेरून जरा चिवट, आतून मऊ. चिंच, गाजराची गोडी, ओल्या तुरीचा वास, सगळं त्यात आत मुरलेलं. मला वाटलं होतं कच्चट लागेल. तसं काही नव्हतं. चांगलं होतं. माझी भज्जी तीस वर्षांत इतकी चांगली झाली नव्हती.

मला आणखीच राग आला. सहा महिने माझ्या घरात, माझ्या वरवंट्याखाली हे होत होतं, आणि मी लोकांना चांगलं आहे, चांगलं आहे म्हणत डबे भरत होते, न खाता. दिवाळीत ढोराचं खाणं म्हटल्यावर मला एवढं का झोंबलं, ते तेव्हा कळलं. माझ्या मनातलंच ते बोलले होते. डोळ्यांत पाणी आलं ते मिरचीवर ढकललं, पण भज्जीत मिरची बेताचीच होती आणि ती मीच घातली होती.

सगळं खाल्लं. उर्वी उठली आणि घागरीतलं पाणी माझ्या ताटात घातलं. मी बोट फिरवून ताट धुतलं आणि प्यायले. लहान पोरांचं बघतात तसं तिनं ताट माझ्या हातातून घेतलं, तिरपं करून उजेडात बघितलं आणि भाऊजींच्या पुढे धरलं.

भाऊजींनी चावी सोडवली. उर्वीच्या हातात दिली नाही, धुतलेल्या ताटात टाकली. "जळकी मोटार मी काडून नेतो," म्हणाले. "आनि दार उगवतीला काड. मावळतीकडनं धूळ येती."

उर्वीनं चावी ओढणीच्या टोकाला बांधली. मग मला विचारलं, "आई, मीठ?"

रोज विचारते तसंच. रोज मी रस्सा चाखून सांगायची.

"तुकड्यांना जरा कमी आहे," मी म्हटलं. "परतायच्या आधी मिठाच्या पाण्यात ठेव."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग काशम्माला म्हणाली, "काकू, आईला अजून वाढा."